अण्णांच्या इंग्रजांची शिंद्यांच्या कंपूत भरती

प्रकरण थोडक्यात असे. ठाण्यातल्या एका निवृत्त काकांचे थोरले भाऊ, घरातले अण्णा, १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळ नोकरीला होते. तिथल्या क्लबात त्यांना टेबलावर लढाया मांडायचा नाद लागला आणि त्यांनी नेपोलियनच्या काळातली २५ मिलिमीटरची शिशाची फौज जमवली. साउदॅम्प्टन हे त्या काळी या छंदाचे माहेरघरच होते. मिनिफिग्ज ही असल्या फिगर बनवणारी कंपनी तिथली, आणि या खेळाचा मोठा प्रचारक डोनाल्ड फेदरस्टोनही तिथेच राहायचा. अण्णा गेले आणि फौज ठाण्याला आली, काही बिस्किटांच्या डब्यांतून, काही प्लायवुडच्या खणांतून. काकांनी ते सगळे माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "हे अण्णांचे इंग्रज आणि फ्रेंच. यांचे मराठे करता येतील का? मला असईची लढाई मांडायची आहे."

मी म्हटले, इंग्रजांचे होतील. फ्रेंचांच्या फक्त तोफा द्या.

काकांना वाटले मी चेष्टा करतोय. इंग्रज सोजीर कापून मराठा शिपाई करायचा, आणि तोही लाल डगल्यासकट? पण असईपुरते तरी हेच खरे आहे. मराठी फौज म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घोडा, भाला आणि पगडी येते. कॅलेंडरांनी आणि नाटकांनी ते चित्र पक्के केले आहे. २३ सप्टेंबर १८०३ला आर्थर वेलस्लीपुढे, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनपुढे, कैलना आणि जुई या नद्यांच्या दुआबात जी रांग उभी होती, तिचा कणा मात्र कवायती पायदळाचा होता. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची घोडदळे मोठी होती खरी, पण लढली ती पलटण. सुमारे १०,८०० शिपाई, शंभराच्या आसपास तोफा, आणि हुकूम हॅनोवरच्या पोलमानचा. वेलस्लीजवळ मैदानावर साडेचार हजारांच्या आसपास माणूस होता. समोरासमोरच्या दोन काठांवर दोन गावे आहेत, म्हणजे मधे उतार असणारच, असा तर्क करून तो कैलना ओलांडून मराठ्यांच्या डाव्या बगलेवर उतरला. तेव्हा पोलमानने अख्खी रांग काटकोनात फिरवून त्याच्या समोर उभी केली. ही हालचाल कवायत नसलेल्या फौजेच्या बापाला जमत नाही. ही पलटण घडवायला सुरुवात केली द बॉइनने, महादजी शिंद्यांच्या चाकरीत, १७८४पासून. डगला लाल, पटका निळा, कातड्याचे पट्टे काळे, खांद्यावर चकमकीची बंदूक आणि तिला संगीन.

म्हणजे इंग्रज सोजिराची फिगर गळ्यापासून घोट्यापर्यंत जवळजवळ तयारच होती. फ्रेंचांच्या डगल्यांना मागे लांब शेपटे, छातीवर पांढरे पदर, कितीतरी जण तर ओव्हरकोटात. त्यांना शिंद्यांच्या चाकरीत घ्यायचे तर नवे शिल्पच करावे लागले असते.

यात एक गुंता आहे, तो आधीच सांगतो. समोरच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास पलटणी, त्यांचेही डगले लाल. दोन लाल फौजा टेबलावर भिडल्या की चार फुटांवरून कोण कुणाचे ते कळत नाही. म्हणून सगळा भार डोक्यावर आणि पट्ट्यांवर टाकायचा ठरला. निळा पटका आणि काळे पट्टे दिसले की शिंदे, पांढरे पट्टे दिसले की कंपनी. काकांचा पहिला आग्रह शिंदेशाही पगडीचा होता. ती सरदाराच्या डोक्याची वस्तू. पलटणीतल्या शिपायाला गुंडाळलेला साधा पटका. एवढ्यावर आमची बरीच चर्चा झाली, आणि शेवटी घोड्यावरच्या एका सरदाराला पगडी देऊन तह झाला.

आधी रोग, मग रंग

डबे उघडल्यावर पहिले काम रंगाचे नसते, छाननीचे असते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतल्या फिगर काळपट पण धडधाकट होत्या. प्लायवुडच्या खणातल्या मात्र पायांशी आणि बंदुकीच्या टोकांशी पांढरी भुकटी धरली होती. या छंदात त्याला लेड रॉट म्हणतात. बुरशी वाटते, पण ती बुरशी नाही. लाकडातून, विशेषतः प्लाय आणि चिपबोर्डच्या गोंदातून, आम्लाची वाफ सुटते. बंद खणात ती कोंडते, दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड जोडीला असतात, आणि शिसे हळूहळू सफेद्यात बदलते. पूर्वी सफेदा मुद्दाम बनवायचे ते याच तऱ्हेने, व्हिनेगरच्या भांड्यांवर शिशाचे पत्रे ठेवून. तरीही "व्हिनेगरमध्ये बुडवा, पांढरे जाईल" असा सल्ला देणारे भेटतात. पांढरे जाते, आणि पुढच्या पांढऱ्याची बी पेरली जाते.

मी तीन ढीग केले. धडधाकट एकीकडे. वरवर रोग लागलेल्या दुसरीकडे. या ओल्या ब्रशने घासायच्या, हातात मोजे आणि तोंडाला मास्क लावून, कोरड्या कधीच नाही, कारण ती भुकटी विषारी आहे. तिसऱ्या ढिगातल्यांचे घोटे बोटाने दाबले तर भुगा होत होता. त्यांची वरची अर्धी शरीरे पुढे कामाला आली, पण ते नंतर. जुन्या फिगरमध्ये शिशाचे प्रमाण भरपूर असते. आताच्या बऱ्याचशा कथलाच्या मिश्रधातूच्या असतात, त्यांना हा ताप नाही. शिसे मऊ असल्याने कापायला मात्र फार सोपे. फायदा आणि तोटा एकाच गुणातून येतात.

जाताजाता सांगतो, हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नये. चहाचा कप शेजारी ठेवू नये. कानशीचा चुरा झाडूने उडवू नये, ओल्या कागदाने टिपावा. लहान मुले असलेल्या घरात तर हे टेबल वेगळेच हवे.

अण्णांनी रंगवलेल्या सगळ्याच फिगर मी खरवडायला घेतल्या नाहीत. पूर्ण, न मोडलेली, एका हाताने रंगवलेली एक हायलँडर, म्हणजे स्कॉटिश, पलटण होती. त्यातल्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर अण्णांनी गालाखाली एकच गुलाबी-तपकिरी रेघ ओढली होती आणि भुवई म्हणून एक ठिपका. बस. पण हातभर लांबून तो माणूस रागावलेला दिसतो. आजकाल चेहऱ्यावर सात-सात छटा चढवतात आणि लांबून सगळे सारखेच पिवळट दिसतात. ती पलटण जशीच्या तशी ठेवली, वरचे पिवळे पडलेले व्हार्निशसुद्धा. असईला ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्याच. त्यांतली ७८वी अण्णांची झाली. जुन्या फिगर कापणे हा अपराध आहे असे मानणारे संग्राहक आहेत. पूर्ण संच असेल तर माझेही मत तेच. इथे कापले ते मोडके शाको (सोजिरांच्या उंच टोप्या), तुटक्या संगिनी आणि एकमेकांत मिसळून गेलेल्या अर्धवट पलटणी.

बाकीच्यांचा रंग काढायला डेटॉल. पाणी न घालता, झाकणाच्या बरणीत, एक दिवस. जुना हम्ब्रोलचा इनॅमल त्यात फुगून सालीसारखा सुटतो. युक्ती एवढीच की घासायचे तेही डेटॉलमध्येच. अर्धवट सुटलेल्या रंगाला पाणी लागले की त्याचा चिकट लगदा होतो आणि तो डगल्याच्या घड्यांत जाऊन बसतो. पहिल्यांदा डेटॉलात टूथब्रश, मग दुसऱ्या स्वच्छ डेटॉलात एकदा खळबळणे, आणि मगच साबणाचे कोमट पाणी. हातमोजे इथेही, कातडी सोलवटते. काकांच्या शेजारणीने घरात कोण आजारी आहे म्हणून दोनदा चौकशी केली.

डोके

नवी डोकी विकत का घेतली नाहीत? मिळतात की, पटकेवाली डोकी पाकिटात मिळतात. पण ती आजच्या २८ मिलिमीटरची. अण्णांच्या काळचे २५ म्हणजे खरोखरचे २५, अंगाने सडपातळ, डोके बेताचे. त्यावर आजचे डोके बसवले की शिपाई बाहुला दिसतो. शिवाय जुन्या शिल्पकाराने केलेले चेहरे चांगले होते. ते टाकायचे कशाला?

म्हणून चेहरा ठेवला आणि टोपी उडवली. शाकोची पुढची झाप कपाळाच्या अर्ध्यावर येते. सोनाराच्या बारीक पात्याच्या करवतीने झापेच्या वरून आडवे कापायचे, मग झाप कटरने टोचून काढायची आणि कपाळ कानशीने गोल करायचे. मागून थोडे अधिक उतरवायचे, कारण पटका मागे झुकलेला असतो. हनुवटीखालचा पट्टा सुरीने खरवडायचा. तो राहिला की मग कितीही पटका बांधा, खाली इंग्रजच दिसतो.

पटक्यासाठी ग्रीन स्टफ, म्हणजे निळी-पिवळी दोन पट्ट्यांची इपॉक्सी पुटी. एम-सील घरात होते, पण ते दाणेदार असते आणि लवकर घट्ट होते, त्यामुळे ते फिगरखालच्या बैठकींसाठी ठेवले. ग्रीन स्टफ मळल्यावर लगेच वापरायचे नाही. जरा थांबले की त्याचा चिकटपणा कमी होतो आणि कड धरते. मग ओल्या काचेवर शेवईएवढी दोरी लाटायची. डोक्यावर आधी एक सपाट गोळी, कवटी म्हणून. दोरी उजव्या कानावरून सुरू करून तिरकी वर, पलीकडे खाली, पुन्हा तिरकी. तीन वेढे पुरे. चौथा घातला की लग्नातला फेटा होतो. शेवटी ओल्या सुईच्या बाजूने दाबून प्रत्येक वेढ्याची कड वेगळी करायची. टोकाने नाही, टोक पुटी ओरबाडते. सगळ्यांचे वेढे एकाच दिशेने मी मुद्दाम घातले नाहीत. पलटण कवायती असली तरी पटका जो तो आपापला बांधतो.

पाठीचे काम लोक टाळतात. वास्तविक खेळणाऱ्याला आपल्या फौजेची पाठच जास्त दिसते, तोंड समोरच्याला. इंग्रजांच्या पाठीवर चौकोनी पोतडी आणि वर गुंडाळलेली कांबळ, अगदी ओळखीची आकृती. ती तशीच राहिली असती तर समोरून शिंदे आणि मागून वेलिंग्टन. मऊ शिसे असल्याने पोतडी सपाट पात्याने कापून निघते. खाली राहिलेला ओबडधोबड भाग कानशीने घासायचा आणि त्यावर पुटीच्या दोन पातळ पट्ट्या आडव्या-तिडव्या टाकायच्या, छातीवरच्या पट्ट्यांना जोडून. हे काम पटक्यापेक्षा जास्त वेळखाऊ आणि कौतुक कमी. पण लांबून बघा, माणूस बदललेला असतो तो यामुळे.

पायांना फारसे केले नाही. पांढरी तुमान रंगाने होते. बूट थोडे घासून बोटे रंगवली. तुटक्या संगिनींच्या जागी टाचण्या, हातोडीने चपट्या करून, मनगटात बारीक भोक पाडून बसवलेल्या. नुसत्या फेविक्विकवर बसवलेली संगीन पहिल्या खेळातच जाते.

पडलेले गोलंदाज

असईची माझ्या मते सर्वांत विलक्षण गोष्ट गोलंदाजांची आहे. इंग्रजांची रांग तोफांवर चालून आली तेव्हा काही गोलंदाज मेल्यासारखे पडून राहिले. रांग पुढे निघून गेल्यावर उठले आणि त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. ७८व्या पलटणीला मागे फिरून त्याच तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. खेळात हे दाखवायचे तर नियमात एक ओळ घालून भागते, पण काकांना ते डोळ्यांनी दिसायला हवे होते.

इथे तिसऱ्या ढिगातली अर्धी शरीरे उपयोगी आली. घोटे गेलेले, पण कमरेवर धड असलेले. त्यांचे रोगट पाय काढून टाकले आणि धडे जमिनीवर पालथी, कुशीवर, तोफेच्या चाकाला टेकलेली अशी बसवली. खालचे अंग पुटीचे, बरेचसे तोफेच्या आड किंवा गवतात गेलेले. प्रत्येक तोफेला दोन बैठकी केल्या. एकीवर गोलंदाज उभे, ठासणीचा गज आणि पलिता घेऊन. दुसरीवर तेच पडलेले. तेच म्हणजे खरोखर तेच. उभ्या गोलंदाजाच्या कंबरेला पिवळा शेला असेल तर पडलेल्यालाही पिवळाच. पडलेल्यांत एकाचे डोके किंचित उचललेले ठेवले आहे. समोरच्या खेळाडूने नीट बघितले तर त्याला कळावे, नाही बघितले तर त्याचे नशीब.

तोफा फ्रेंचांच्या घेतल्या त्याचे कारण गाडा. इंग्रजांच्या त्या काळच्या मैदानी तोफेचा गाडा मागे एकाच जाड ओंडक्याचा असतो. फ्रेंचांचा दोन समांतर पाट्यांचा. शिंद्यांच्या तोफा युरोपी धर्तीवर इकडेच ओतलेल्या, आणि दोन पाट्यांचा जुन्या वळणाचा गाडा त्यांना शोभतो. फ्रेंच गाड्याचा तो हिरवा रंग मात्र काढलाच. सागवानी तपकिरी, लोखंडी पट्ट्या काळ्या, नळी पितळी. असईनंतर इंग्रजांनी ९८ तोफा ताब्यात घेतल्या. काकांच्या टेबलावर एवढ्या मावणार नाहीत, पण इंग्रजांपेक्षा दुपटीहून जास्त असायला हव्यात, एवढे मी अडून बसलो. नाहीतर ७४व्या पलटणीची असई गावापुढे जी दाणादाण उडाली तिचे कारणच टेबलावरून नाहीसे होते.

रंगाबद्दल थोडक्यात. जुन्या शिल्पांत खोदकाम उथळ असते, त्यामुळे आजची पातळ शाईची ओघळती छटा घड्यांत थांबत नाही, सगळीकडे मळकट होते. सावली ब्रशनेच काढावी लागते. लाल डगल्याला आधी विटकरी तपकिरी, त्यावर लाल, आणि उजेडाच्या कडेला नारिंगी. पांढरे मिसळले की गुलाबी होते आणि डगला होळीचा दिसतो. इंग्रज पलटणींतही साध्या सोजिराचा डगला मंजिष्ठाच्या मंद लालाचा आणि अधिकाऱ्याचा किरमिजाच्या झगझगीत लालाचा असे. शिंद्यांच्या शिपायांना मी त्याहून एक घर विटकरी ठेवले. पटक्याला निळीची गडद छटा, वर राखाडी-निळी कड. कातडीसाठी तीन वेगळी मिश्रणे केली. बाहेरचे रंगारी हिंदी शिपायांची अख्खी पलटण एका बाटलीतून रंगवतात, ते मला कधी पटले नाही. ऐन जुलैत मॅट स्प्रे मारला की दमट हवेने वर पांढरट धुके बसते, म्हणून शेवटचा हात ब्रशनेच दिला.

निशाणावरून पुन्हा वाद. द बॉइन सव्हायचा, त्याच्या पलटणींच्या निशाणावर सव्हायचा पांढरा क्रॉस. पण त्याने १७९५च्या अखेरीस चाकरी सोडली होती. काकांना मराठ्यांच्या हातात क्रॉस बघवेना, मला सगळीकडे भगवा पटेना. एका जुन्या पलटणीला क्रॉस दिला, बाकीच्यांना भगवा. ही आमची निवड आहे, पुरावा म्हणून कुणी वापरू नये.

बैठकी करताना एक गोष्ट फार जपली. हिंदुस्थान म्हटला की पाश्चात्त्य खेळाडू पिवळी वाळू टाकतात. असई जालना जिल्ह्यात आहे, जमीन काळी, आणि लढाई सप्टेंबरअखेरची. पावसाळा सरत आलेला, नाल्यांच्या कडा हिरव्या. खरी काळी माती वापरायचा मोह होतो. ती फेविकोलमध्ये वाळली की शेतात भेगाळते तशीच बैठकीवरही भेगाळते. म्हणून बारीक रेती चिकटवून ती काळपट तपकिरी रंगवली, काळी माती वरून चिमटीभर आणि हिरवे झुपके कडेकडेने.

काकांना फौज दिवाणखान्यात काचेच्या लाकडी कपाटात ठेवायची होती. प्लायवुडच्या खणाने अर्ध्या पलटणीचे काय केले ते दाखवल्यावर रंगवलेल्या पोलादी कपाटावर समझोता झाला. आत सिलिका जेलच्या पुड्या, बैठकींखाली चुंबकी पत्रा, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा सगळ्यांचे घोटे तपासायचे.

आता काका फ्रेंच हुसारांचे, म्हणजे हलक्या घोडेस्वारांचे, पेंढारी करून मागत आहेत. घोड्यांवर युरोपी खोगीर, मेंढीच्या कातड्याचे झूल आणि पिस्तुलांच्या पिशव्या आहेत. सगळे कापून घोड्याची पाठ उरते का, ते एका घोड्यावर बघतो आणि मग सांगतो म्हटले आहे.